नाना पटोले : धानपट्ट्यातला राजीनाम्यांचा हिशेब

नाना पटोले यांची कारकीर्द समजून घ्यायची तर त्यांनी जिंकलेल्या निवडणुकांपेक्षा त्यांनी दिलेले राजीनामे आधी पाहावेत.

नागपूर सोडून भंडाऱ्याच्या पुढे गेलं की कापूस-संत्र्याचा विदर्भ मागे पडतो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. शेतकऱ्याचं दुःख म्हटलं की आपल्याला, म्हणजे नागपूरकरांना, यवतमाळचा कापूसच आठवतो. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगल-तलावांच्या पट्ट्यातल्या, धानवाल्याचं गाऱ्हाणं वेगळं आहे. पाणी मामा (माजी मालगुजारी) तलावांचं, नाहीतर १९८८ मध्ये पायाभरणी होऊन वर्षानुवर्षं रखडलेल्या गोसेखुर्द धरणाचं. आणि हमीभावावर सरकार यंदा बोनस देणार की नाही, ही दरवर्षीची टांगणी. साकोली तालुक्यातल्या शेतकरी घरातले नाना याच गाऱ्हाण्यावर राजकारणात उभे राहिले.

१९९९ आणि २००४ मध्ये ते लाखांदूरहून काँग्रेसचे आमदार झाले. पुढे शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून त्यांनी स्वतःच्याच पक्षाशी फारकत घेतली. २००९ च्या लोकसभेत भंडारा-गोंदियातून राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांसमोर ते अपक्ष लढले आणि हरले. पण दुसरे आले, भाजपच्या उमेदवाराच्याही पुढे. हा आकडा भाजपने नीट वाचला असावा. त्याच वर्षी कमळावर ते साकोलीचे आमदार झाले आणि २०१४ मध्ये पटेलांना सुमारे दीड लाख मतांनी हरवून दिल्लीत पोचले.

दिल्ली त्यांना मानवली नाही. शेतकरी आत्महत्या आणि ओबीसींचे प्रश्न काढले की पंतप्रधानांना राग येतो, असं ते सप्टेंबर २०१७ मध्ये नागपुरातल्याच एका कार्यक्रमात जाहीरपणे बोलले. डिसेंबरमध्ये खासदारकी सोडली, कारण तेच, शेतकरी. गुजरातच्या मतदानाला एक दिवस उरला होता. मुहूर्ताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. पुढच्या वर्षी पोटनिवडणुकीत ती जागा राष्ट्रवादीने जिंकली.

काँग्रेसमध्ये परतलेल्या नानांना पक्षाने २०१९ मध्ये थेट नागपुरात, नितीन गडकरींसमोर उतरवलं. दलित-मुस्लिम-कुणबी या बेरजेची, म्हणजे 'डीएमके'ची, तेव्हा पानटपऱ्यांवर जोरदार चर्चा होती. बेरीज पुरली नाही. गडकरी २ लाख १६ हजारांनी जिंकले. मात्र २०१४ मधलं त्यांचं मताधिक्य २ लाख ८४ हजारांचं होतं. बाहेरून आलेल्या धानपट्ट्यातल्या उमेदवाराने ते एवढं खाली आणलं, ही गोष्ट निकालाच्या गुलालात हरवली.

सहा महिन्यांत ते साकोलीतून पुन्हा आमदार झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये बिनविरोध विधानसभा अध्यक्ष. पुढचा राजीनामा सगळ्यांत महागात पडला, आणि त्याचा शेतकऱ्यांशी काही संबंध नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये काँग्रेसच्या प्रदेशाध्यक्षपदासाठी त्यांनी ती खुर्ची सोडली. नंतर ती जवळपास दीड वर्ष रिकामी राहिली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय ज्याच्या हाती असतो तो अध्यक्षच सभागृहाला नव्हता, आणि महाविकास आघाडीतल्या मित्रपक्षांनी त्याचा दोष नानांच्या पदरात घातला.

२०२४ च्या विधानसभेत साकोलीने त्यांना निवडून दिलं, पण अवघ्या २०८ मतांनी. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदेशाध्यक्षपद हर्षवर्धन सपकाळांकडे गेलं.