लाइफ जॅकेट पिशवीत बांधून ठेवलं की टिकतं?

छोट्या बोटीवाल्यांकडे हे सर्रास ऐकू येतं की जॅकेट कंपनीच्या प्लॅस्टिकमध्येच सीटखालच्या खणात टाकून दे, नवंकोरं राहतं, लागलं की काढू. अहो पण बोट कलंडली की तो खणच पाण्याखाली जातो ना, मग काढणार कोण? अमेरिकन कोस्ट गार्ड तर पिशवीतलं किंवा कुलपातलं जॅकेट 'हाताशी आहे' असं धरतच नाही. आणि टिकायचं म्हणाल तर ओलं जॅकेट प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की बुरशी धरते, वर नांगर, डिझेलचा कॅन ठेवला की आतला फोम चेपतो आणि तरंगायची ताकद कमी होते (उशाला घेणारेही त्यातलेच). घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं, हवेशीर जागी टांगायचं. बोटीत मात्र अंगावरच.