कुलरमागचा हंसराज अन् समुद्रातला मांटा

आमच्या घराच्या मागे, कुलरचं पाणी जिथे टपटप गळतं ना, तिथल्या विटांच्या फटीत दरवर्षी हंसराज उगवतो, म्हणजे एक नेचं, फुलं-बिया न येणारं झाड. काळी चकचकीत तारेसारखी दांडी, नाजूक पानं, अन् पाणी टाकलं तरी थेंब नुसता घरंगळून जातो. यंदा नवीन पान निघताना एकदम जवळून पाहिलं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळी, ती हळूहळू उलगडत गेली, अन् मला मांटा आठवला. कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्याच्याच नात्यातला हा राक्षसी मासा, पंख पसरले तं सात मीटरपर्यंत रुंद. तोंडाशी दोन पट्टे असतात, पोहताना गुंडाळून ठेवतो, खायला लागला की उलगडून प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, तोंडात वळवतो. पिल्लूसुद्धा पंख गुंडाळूनच जन्माला येतं.

पिल्लांच्या बाबतीत मात्र दोघांचं गणित पार उलटं.

हंसराजाच्या पानाची कड खालून दुमडलेली असते, नखाने उचकटून बघा, तपकिरी भुकटी दिसेल, तेच बीजाणू. असे लाखो तो वाऱ्यावर सोडून देतो, बहुतेक वाया जातात, पण एखादा ओल्या फटीत पडला तं नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो, अन् त्यावर पाणी असलं तरच नरपेशी पोहत पोहत अंडपेशीपर्यंत जाते. म्हणून याला ओल लागते. कुलरपासून लांबची झाडं मे महिन्यात वाळून जातात, पण खोड फटीत जिवंत असतं, पाऊस पडला की परत हिरवं.

मांटाला एका वेळी एकच पिल्लू. तेही वर्षभर आईच्या पोटात, नाळ नाही, गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या रसावर वाढतं, अन् पुढचं पिल्लू व्हायला दोन ते पाच वर्षं. एवढ्या मोठ्या माशाला शत्रू कमी, म्हणून हे आजवर निभलं. आता तो ट्यूनाच्या जाळ्यांत अडकतो, अन् याला श्वास घ्यायला सतत पोहावंच लागतं, थांबला की गुदमरतो. त्यात वाळवलेल्या कल्ल्यांना चिनी औषधांच्या बाजारात भाव. २०२० मध्ये आययूसीएनने, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेने, त्याला संकटग्रस्त यादीत टाकलं, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं.

हंसराज कोणी मोजत बसत नाही, मांटा मात्र एकेक ओळखून मोजतात. त्याच्या पोटावरचे काळे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे, पाणबुडे खालून फोटो काढतात अन् जुन्या फोटोंशी जुळवून बघतात, गेल्या वर्षीची तीच मादी परत आली का.