धातूंच्या तपासणीसाठी पाण्याचा नमुना: बाटली भरण्याआधी वाचा

“पाण्यात तांबे किती?” या प्रश्नाला तीन उत्तरे असतात. गाळासकट मोजले ते ‘एकूण’. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून उतरले ते ‘विरघळलेले’. त्यातही कुजलेल्या पालापाचोळ्याच्या ह्युमिक आम्लांनी घट्ट न धरलेले ते ‘मोकळे’. माशांच्या कल्ल्यांना बाधते ते मुख्यतः हेच. पिण्याच्या पाण्याला एकूण आकडा पुरतो. तलावात मासे सोडायचे असतील तर तिसराही मागा. इतर बाटल्यांत नमुना टिकावा म्हणून आम्ल घालतात, त्या बाटलीत मात्र ते मुळीच नको, कारण आम्लाने बांधलेले तांबेही सुटते. बर्फात ठेवून त्याच दिवशी आमच्या प्रयोगशाळेत आणा.

बडोद्याच्या आसपासच्या बोअरचे नमुने बहुतेक वेळा बिघडतात ते बोअरपाशीच. पाणी वर येते तेव्हा नितळ असते. हवा लागली की त्यातले लोह तांबूस साका होऊन बसते आणि आर्सेनिक, शिसे सोबत ओढून नेते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गाळून उपयोग नाही, विरघळलेला आकडा खोटा कमी येणार. म्हणून बोअर १०-१५ मिनिटे चालू द्या, पाणी तिथेच सिरिंजच्या गाळणीतून गाळा, पहिले थोडे फेका, आणि मगच आम्ल घाला. क्रम उलटला तर आम्ल गाळातला धातू विरघळवते आणि आकडा फुगतो.

आम्ल म्हणजे शुद्ध नायट्रिक, २५० मिलीला सुमारे अर्धा मिली. पाणी जड असेल तर जास्त लागते. पीएच २ च्या खाली गेला की नाही ते पट्टीने बघा. हातमोजे घाला, आम्ल भाजते.

सहा-संयुजी क्रोमियमला (क्रोमियमचे जास्त विषारी रूप) मात्र हे आम्ल चालत नाही. आम्लात ते तीन-संयुजी होऊ लागते. वेगळी बाटली भरा, बर्फात ठेवा, २४ तासांत पोहोचवा. आर्सेनिकची तीन-संयुजी आणि पाच-संयुजी ही रूपे वेगळी हवी असतील तर आधी कळवा, ईडीटीए (धातू बांधून ठेवणारे रसायन) घातलेली बाटली देऊ. ती उजेडात ठेवू नका.

बाटली आमचीच वापरा, १० टक्के नायट्रिकमध्ये भिजवलेली असते. बिसलेरीच्या बाटलीतला नमुना आम्ही घेत नाही, राग मानू नये. पाणी जस्ताच्या बादलीतून काढू नका, पितळी तोटीतूनही नको: जस्त, तांबे, शिसे तिथूनच येते. सोबत दिलेली शुद्ध पाण्याची बाटलीही जागेवरच उघडून, गाळून, आम्ल घालून परत आणा. तिच्यात धातू निघाला तर तो तुमच्या पाण्यातला नव्हे.

अहवालात विरघळलेला आकडा एकूणपेक्षा ठळकपणे मोठा दिसला, तर फोन करा. नमुना पुन्हा घ्यावा लागेल.