मॅनेजर ठेवायचा की काढायचा? वादामागची शंभर वर्षं

इंग्लिश फुटबॉलमधली मँचेस्टर युनायटेड हरली की सांगलीत विश्रामबागपासून मिरजेपर्यंत एकच वाद पेटतो. एक गट म्हणतो, ‘हाकला ह्याला आता.’ दुसरा म्हणतो, ‘फर्ग्युसनलाबी लागलीच होती की चार वर्षं, दम धरा जरा.’ त्यावर पहिल्याचं उत्तर तयारच असतं: ‘2013 पासून दमच धरतोय.’ (2013 म्हणजे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन युनायटेडच्या मॅनेजरपदावरून निवृत्त झाले ते साल.) मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारा आणि डावपेच ठरवणारा माणूस, बदलला की महिनाभर शांतता असते, मग तेच प्रश्न, फक्त नाव नवं. या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता मान्य करतात, ती म्हणजे संघाचं जे काही होतं ते मॅनेजरमुळे होतं. ही समजूत कुठून आली आणि आज ती कितपत खरी उरली आहे, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आधी सांगलीबद्दल. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. शाहू स्टेडियमवर तालीम मंडळाचा संघ हरला तर जबाबदार माणसं दुसऱ्या दिवशी गल्लीतच भेटतात. सांगलीचा तरुण मात्र युनायटेड, आर्सेनल किंवा चेल्सीचा झाला तो टीव्हीमुळे. केबल घरोघरी पोचली त्याच काळात, 26 मे 1999 रोजी बार्सिलोनाच्या मैदानात युनायटेडने बायर्न म्युनिकविरुद्ध नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत दोन गोल करून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली. त्या पिढीतले अनेक जण तिथेच अडकले. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने 1960च्या दशकापासूनच्या एका नियमामुळे तिथल्या टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. आपल्याकडे मात्र ते रात्री साडेसात-साडेआठला निवांत बघता येतात. म्हणजे मँचेस्टरमधल्या घरी बसलेल्या माणसाला न दिसणारा सामना मिरजेत दिसतो, आणि मग मत तर असणारच.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना ‘कोच बदला’ ही मागणी मुळात नवी. सांगलीत जन्मलेले विजय हजारे 1952 साली मद्रासला भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचे कर्णधार होते. तेव्हा श्रेय आणि दोष दोन्ही कर्णधाराच्या खात्यावर जमा व्हायचे. संघाबरोबर जाणारा मॅनेजर प्रवास, मुक्काम आणि हिशेब पाहायचा. 2000 साली जॉन राइट आले आणि परदेशी प्रशिक्षक ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडू लागली. ग्रेग चॅपेल यांच्या काळात, 2005 ते 2007, प्रशिक्षकाला हटवा असं नाक्यानाक्यावर ऐकू आलं. फुटबॉलवाले त्याच्या आधी निदान पन्नास वर्षं हेच म्हणत होते.

पण फुटबॉलमध्येही सुरुवातीला मॅनेजर नव्हताच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश क्लबांत संघ निवडायची ती संचालकांची समिती. सेक्रेटरी नावाचा पगारी माणूस पत्रव्यवहार, खेळाडूंशी करार, तिकिटं असली कामं बघायचा. संघ हरला तर शिव्या संचालकांना. हे चित्र बदलण्यात सर्वात मोठा वाटा हर्बर्ट चॅपमन यांचा. हडर्सफील्डला 1924 आणि 1925 अशी लागोपाठ दोन वर्षं लीग, म्हणजे मोसमभर चालणारी इंग्लंडची मुख्य साखळी स्पर्धा, जिंकून देऊन ते 1925 साली आर्सेनलला आले. संघनिवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी, सगळं त्यांनी आपल्या हाताखाली घेतलं. 1930 साली आर्सेनलने पहिला एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद फेऱ्यांची स्पर्धा, जिंकला, 1931 आणि 1933 साली लीग. जानेवारी 1934 मध्ये पदावर असतानाच चॅपमन वारले, पण तोवर एका माणसाच्या हातात सगळा कारभार देण्याचा नमुना तयार झाला होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला हे पटायला आणखी तीस वर्षं लागली. तिथे वॉल्टर विंटरबॉटम 1946 पासून मॅनेजर होते, तरी अकरा जण निवडायची ती समितीच. ‘संघ मीच निवडणार’ ही अट घालून आल्फ रॅम्सी 1963 मध्ये आले, आणि 1966 साली इंग्लंड विश्वविजेता झाला.

एका माणसाच्या हातात सगळं दिलं की दोषही त्याच्याच माथी येतो. चाहत्यांचा राग संचालकांच्या खोलीतून मैदानाच्या कडेला उतरला तो असा. संचालकांनाही हे सोयीचं होतं, हे माझं मत; पुढचा इतिहास पाहिला तर ते फार चुकीचं वाटत नाही.

युनायटेडचंच घ्या. मॅट बझ्बी 1945 साली आले आणि त्यांनी चॅपमनसारखाच संपूर्ण अधिकार मागून घेतला. 1958 च्या म्युनिक विमान अपघातात आठ खेळाडू गेले. त्यातून संघ पुन्हा उभा करून बझ्बींनी 1968 साली युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला आणि 1969 मध्ये ते मॅनेजरपदावरून बाजूला झाले. त्यानंतर जे घडलं ते आजच्या चाहत्याला ओळखीचं वाटेल. विल्फ मॅकगिनेस दीड वर्षात गेले. फ्रँक ओ’फॅरेल डिसेंबर 1972 मध्ये गेले. 1974 साली क्लब चक्क दुसऱ्या श्रेणीत घसरला. डेव्ह सेक्स्टन यांची गोष्ट तर अजबच आहे: शेवटचे सातही सामने जिंकून 1981 मध्ये त्यांना नारळ मिळाला. खेळ कंटाळवाणा होता म्हणे. एका मोठ्या माणसानंतर येणारी पोकळी युनायटेडने 2013 मध्ये पहिल्यांदा पाहिली असं नाही. तीच चूक दुसऱ्यांदा झाली इतकंच.

नोव्हेंबर 1986 मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आले. वादातल्या ‘दम धरा’ गटाचं सगळं भांडवल पुढच्या साडेतीन वर्षांत आहे, म्हणून तो काळ जरा नीट पाहू. पहिल्या मोसमात संघ अकरावा आला, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात पुन्हा अकरावा, चौथ्यात तेरावा. सप्टेंबर 1989 मध्ये मँचेस्टर सिटीने 5-1 असं धुतलं. त्या डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने चादरीवर लिहून आणलं, त्याचा मथितार्थ असा: तीन वर्षं सबबी ऐकल्या, अजून सगळं भंगारच, आता निघा. 7 जानेवारी 1990 रोजी एफए कपमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सच्या गोलने युनायटेड 1-0 जिंकली, आणि त्याच कपच्या अंतिम फेरीत क्रिस्टल पॅलेसला फेरलढतीत हरवलं. ‘रॉबिन्सने फर्ग्युसनची नोकरी वाचवली’ ही दंतकथा तेव्हापासूनची. क्लबचे त्या वेळचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स मात्र पुढे सांगत राहिले की फर्ग्युसनना काढायचा विचार नव्हताच.

दंतकथेत एक गोष्ट गळते. त्या चार वर्षांत फर्ग्युसन नुसते टिकून नव्हते. त्यांनी शाळकरी मुलांना हेरणारी क्लबची यंत्रणा नव्याने उभी केली. रायन गिग्ज सिटीकडे सराव करत होता. नोव्हेंबर 1987 मध्ये, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाला, फर्ग्युसन स्वतः त्याच्या घरी जाऊन थडकले. ज्या पोरांनी 1992 साली एफए युथ कप जिंकला, त्यांच्यातूनच बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल आले. 1989 च्या उन्हाळ्यात गॅरी पॅलिस्टरसाठी 23 लाख पौंड मोजले, पॉल इन्सही तेव्हाच आला. म्हणजे संयमाबरोबर पैसा होता, आणि पैशाबरोबर अधिकार. तरुण खेळाडू, खरेदी, शिस्त, सगळं एका हातात असल्यामुळे चार वर्षांत काहीतरी पेरता आलं. लीग मिळाली ती 1993 मध्ये, 26 वर्षांनी. ‘फर्ग्युसनला वेळ दिला होता’ असं म्हणताना वेळेबरोबर अजून काय काय दिलं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

चाहते नेहमी काढाच म्हणतात असंही नाही. ऑक्टोबर 1973 मध्ये ब्रायन क्लफ यांचं डर्बी काउंटीच्या संचालकांशी बिनसलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा त्यांना परत आणा म्हणून डर्बीत मोर्चे निघाले, खेळाडूंनीही तीच मागणी केली. क्लफ परतले नाहीत. पुढच्या वर्षी लीड्सने त्यांना नेमलं आणि 44 दिवसांत काढलं. लिव्हरपूलमध्ये 2010-11 च्या मोसमात रॉय हॉजसन मॅनेजर असताना स्टँडमधून केनी डॅल्ग्लिश यांच्या नावाने गाणी सुरू होती. जानेवारीत हॉजसन गेले आणि डॅल्ग्लिशच आले. नंतर दीड वर्षात तेही गेले.

1992 मध्ये इंग्लंडची सर्वोच्च श्रेणी प्रीमियर लीग या नव्या रूपात सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला आणि खाली घसरणं परवडेनासं झालं. 2003 मध्ये रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी घेतली आणि मॅनेजर बदलणं हीच एक पद्धत होऊन बसली. ‘हाकला’ गटाला चेल्सीचं उदाहरण द्यायला आवडतं, आणि त्यात तथ्य आहे. मार्च 2012 मध्ये व्हिलास-बोआस यांना काढून रॉबर्टो दी मातेओ यांच्याकडे संघ दिला, मे महिन्यात चॅम्पियन्स लीग आली. जानेवारी 2021 मध्ये लँपार्ड गेले, टूखेल आले, पुन्हा मे महिन्यात तोच करंडक. पण दी मातेओ यांनाही नोव्हेंबर 2012 मध्येच घरी पाठवलं होतं. लेस्टरला 2016 मध्ये अशक्य वाटणारी लीग जिंकून देणारे क्लाउदिओ रानिएरी फेब्रुवारी 2017 मध्ये बेकार झाले. कृतज्ञता हा या धंद्यात हिशेबाचा भाग नाही.

आर्सेनलमध्ये वाद सर्वात लांबला. आर्सेन वेंगर 1996 मध्ये आले, 2003-04 मध्ये 38 पैकी एकही लीग सामना न हरता विजेते झाले, आणि नंतर पुन्हा लीग मिळाली नाही म्हणून दहा वर्षं वाद चालला. मार्च 2017 मध्ये वेस्ट ब्रॉमविरुद्धच्या सामन्यावरून दोन विमानं उडाली: एकामागे वेंगर हटावचा फलक, दुसऱ्यामागे वेंगरवर विश्वासाचा. संघ 3-1 हरला. वेंगर 2018 मध्ये गेले. मिकेल आर्तेता डिसेंबर 2019 मध्ये आल्यावर संघ दोनदा आठवा आला, 2021-22 चे पहिले तीनही सामने हरून तळाला गेला. क्लबने त्यांना ठेवलं, आणि 2023 पासून सलग तीन वर्षं संघ दुसरा आला. त्यावरून आर्सेनलवाल्यांत तेव्हा दोन तट पडलेच: संयम फळला, की दुसऱ्या क्रमांकावरच अडकला?

2013 नंतरच्या युनायटेडबद्दल लांबण लावण्यात अर्थ नाही, सगळ्यांना पाठ आहे. डेव्हिड मॉयेस सहा वर्षांच्या करारावर आले आणि दहा महिन्यांत गेले. त्यांच्याही डोक्यावरून एक विमान फिरलं होतं. लुई फान खाल एफए कप जिंकून दोन दिवसांत गेले. जोसे मोरिन्यो आणि त्यांच्या सहाय्यकांना काढायला क्लबला 1 कोटी 96 लाख पौंड मोजावे लागले. ओले गुन्नार सोल्शायर, म्हणजे 1999 चा तो शेवटचा गोल ज्याचा, नोव्हेंबर 2021 मध्ये वॉटफर्डकडून 4-1 हरल्यावर गेले. एरिक टेन हाग यांनी मे 2024 मध्ये एफए कप जिंकला, जुलैमध्ये त्यांचा करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. त्यानंतर रूबेन अमोरिम आले आणि 2024-25 मध्ये संघ पंधरावा आला, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा सर्वात खालचा क्रमांक.

मॅनेजर काढल्याने खरंच फरक पडतो का, हे तपासणारे अभ्यासही झाले आहेत. नेदरलँड्सच्या लीगवर 2003 मध्ये एक शोधनिबंध आला. संघ घसरणीला लागल्यावर ज्यांनी मॅनेजर बदलला आणि ज्यांनी बदलला नाही, अशा क्लबांची त्यात तुलना होती. सावरले दोन्ही, न बदलणारे जरा लवकरच. कारण साधं आहे: हकालपट्टी होते ती सर्वात वाईट दिवसांत, आणि सर्वात वाईट दिवसांनंतर बहुधा बरे दिवस येतात. नवा माणूस आला की पहिले चार सामने जिंकतो, त्याचं निम्मं रहस्य यातच आहे.

उरलेली गोष्ट अधिकाराची. चॅपमन, बझ्बी, फर्ग्युसन यांचं पद आज जवळपास राहिलेलंच नाही. खेळाडू कुठला घ्यायचा हे स्पोर्टिंग डायरेक्टर, माहिती-विश्लेषण विभाग आणि मालकांचे प्रतिनिधी मिळून ठरवतात. युनायटेडवर 2005 पासून ग्लेझर कुटुंबाची मालकी आहे, आणि 2024 पासून फुटबॉलचा कारभार अल्पभागधारक जिम रॅटक्लिफ यांच्या गटाकडे. अमोरिम यांची नेमणूकही मॅनेजर म्हणून झाली नव्हती, मुख्य प्रशिक्षक म्हणून झाली. अधिकार गेले, पण शिव्यांचा पत्ता जुनाच राहिला. सांगलीतले दोन्ही गट ज्या माणसाबद्दल भांडतात त्याच्या हातात फर्ग्युसनच्या निम्म्यानेही किल्ल्या नाहीत, आणि माझ्या मते या वादाची खरी अडचण हीच आहे. मालकाला काढता येत नाही, म्हणून मॅनेजरला काढा.

मालकाला काढता येणारे क्लबही आहेत. जर्मनीत 1998 पासून बहुतेक क्लबांत बहुमत सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. बार्सिलोनाचे तर लाखाहून अधिक सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. पॅनल, प्रचार, सभा, अविश्वास ठराव, सगळं साग्रसंगीत. साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2008 मध्ये संघ सलग दोन वर्षं लीग हरल्यावर अध्यक्ष जुआन लापोर्ता यांच्यावर असा ठराव आला. जुलैत मतदान झालं, सुमारे साठ टक्के मतं त्यांच्या विरोधात पडली. दोन तृतीयांश लागत होती, म्हणून ते वाचले. त्याच उन्हाळ्यात त्यांनी फ्रांक रायकार्ड यांच्या जागी, फक्त राखीव संघाचा अनुभव असलेल्या पेप ग्वार्दिओला यांना आणलं होतं. पहिला लीग सामना बार्सिलोना नुमान्सियाकडून हरली, दुसरा बरोबरीत सुटला. मोसम संपला तेव्हा लीग, स्पॅनिश कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही करंडक त्यांच्याकडे होते.