हिरवा कंदील कुणाच्या हातात? मुंबईतल्या स्टुडिओप्रमुखाच्या खुर्चीची पार्श्वभूमी

मुंबईत रिक्षावाल्याला ‘स्टुडिओ’ सांगितले की तो फ्लोअर (चित्रीकरणाची बंदिस्त जागा), मेकअप रूम आणि जनरेटर असलेल्या आवारापाशी नेऊन सोडतो. धंद्यात मात्र गेली वीसेक वर्षे स्टुडिओ म्हणजे पैसा लावणारी, हक्क घेणारी आणि चित्रपट वितरित करणारी कंपनी. तिच्या मालकीचा एकही फ्लोअर नसला तरी चालते. तिच्या प्रमुखाची खुर्ची घडली ती मुख्यतः १९९८ ते २०१२ या काळात. त्याआधीचे थोडक्यात.

पगारी कारभार ही कल्पना नवी नाही. १९३४ मध्ये मालाडला उभी राहिलेली बोलपटांची कंपनी भागधारकांची होती. नट, लेखक, कॅमेरामन महिन्याच्या पगारावर होते. १९४० मध्ये संस्थापक वारले, निर्मितीची सूत्रे त्यांच्या अभिनेत्री पत्नीकडे आली आणि तीन वर्षांत एक गट फुटून गोरेगावात गेला. युद्धकाळात कच्ची फिल्म परवान्यावर आली आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर, म्हणजे दोन तासांवर, बांधली गेली. त्याच काळात काळ्या बाजारातली रोकड बाहेरच्या निर्मात्यांकडे आली. त्यांनी नटांना स्टुडिओच्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम एकेका चित्रपटासाठी देऊ केली. पगारी नट सुटले आणि स्टुडिओमालक फ्लोअर भाड्याने देऊ लागले.

पुढची पन्नास वर्षे ‘प्रमुख’ असा कोणी नव्हताच. निर्माता फायनान्सरकडून हुंडीवर पैसे उचले, महिना तीन टक्के व्याजाने, म्हणजे वर्षाला छत्तीस. उरलेले पैसे लॅमिंग्टन रोडच्या नाझ इमारतीतले वितरक टेरिटरीनुसार, म्हणजे वितरणाच्या प्रदेशानुसार, मिनिमम गॅरंटी (चित्रपट चालो न चालो, ठरलेली किमान रक्कम) म्हणून हप्त्याहप्त्याने देत. शेवटचा हप्ता प्रिंट हाती पडताना. खरी सत्ता असे ती लॅब लेटरमध्ये. निगेटिव्ह लॅबमध्ये आणि फायनान्सरची ना-हरकत आल्याशिवाय प्रिंट बाहेर सोडणार नाही, असे लॅबने लिहून दिलेले. गुरुवारी, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या रात्री, एखाद्या टेरिटरीचा हप्ता कमी पडला की फायनान्सरचे देणे अडे, ते अडले की प्रिंट अडत. नायकाची बाकी राहिली असेल तर तो त्याआधीच डबिंगला आलेला नसे. चित्रपटाचे भवितव्य ठरवणारा माणूस पटकथा वाचणारा नव्हता, लॅबच्या बाकावर बसलेला होता.

१९९८ च्या मे महिन्यात केंद्राने चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देत असल्याचे जाहीर केले. या एका वाक्याबद्दल इतके गैरसमज आहेत की इथे थांबणे भाग आहे. घोषणेने त्या दिवशी काहीच बदलले नाही. औद्योगिक विकास बँकेच्या कायद्याखाली ‘मनोरंजन उद्योग, चित्रपटांसह’ अशी नोंद व्हायला २००० चा ऑक्टोबर उजाडला. तोवर वित्तसंस्थांना चित्रपटासाठी कर्ज देण्याचा आधारच नव्हता. दुसरा गैरसमज कराचा. करमणूक कर राज्याचा विषय, त्याला या दर्जाने हातही लावला नाही. तो गेला २०१७ च्या जीएसटीत, आणि तिथेही शंभर रुपयांवरच्या तिकिटावर आधी २८ टक्के, २०१९ पासून १८. तिसरा दावा असा की दर्जामुळे गुन्हेगारी टोळ्यांचा पैसा हटला. काही अंशी खरे असेल, पण त्याचे श्रेय घोषणेपेक्षा मल्टिप्लेक्सच्या संगणकावर निघणाऱ्या तिकिटाला जास्त द्यावे लागेल. गल्ला दिसू लागला, तेव्हा हिशेबाने चालणारा पैसा आला.

दर्जाने प्रत्यक्षात केले ते कागदांचे काम. बँकेला व्यक्ती नको होती, कंपनी हवी होती: लेखापरीक्षित ताळेबंद, पूर्ण पटकथा, कलाकारांचे लेखी करार, विमा, एस्क्रो खाते (ठरलेल्या अटींनुसारच पैसे सुटणारे तटस्थ खाते), आणि कथेपासून संगीतापर्यंतच्या हक्कांची सलग साखळी. ज्या निर्मात्यांचा निम्मा व्यवहार तोंडी होता त्यांना हे जमेना. जमले ते टीव्ही वाहिन्या आणि उद्योगसमूहांनी काढलेल्या कंपन्यांना. कर्ज स्वतंत्र निर्मात्याला मिळावे म्हणून केलेल्या सोयीतून त्याच्या डोक्यावर बसणारा पगारी अधिकारी जन्माला आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. हे अधिकारी आले वाहिन्यांच्या जाहिरात खात्यातून, साबण-शांपूच्या विपणनातून, सीए किंवा वकिलीतून. सेटवरून वर आलेला विरळाच.

त्यांचे हत्यार म्हणजे मंजुरीचा तक्ता: चित्रपटाला हिरवा कंदील द्यायचा की नाही, हे ठरवणारा हिशेब. समजा निर्मिती २० कोटी, प्रसिद्धी आणि प्रदर्शन ८ कोटी, एकूण २८. सॅटेलाइट-डिजिटलचे, म्हणजे टीव्ही आणि ऑनलाइन हक्कांचे, १५ आणि संगीताचे २ धरले, तर चित्रपटगृहांतून ११ कोटी वाटा यायला हवा. कर वजा जाता गल्ल्यातला सरासरी ४५ टक्के वाटा धरला तर साडेचोवीस कोटींचा निव्वळ गल्ला लागतो. तक्ता चुकतो तो बहुधा गल्ल्याच्या रकान्यात नाही. चुकतो तो १५ कोटींच्या रकान्यात: करार सहीचा नसतो, किंवा रक्कम गल्ल्याच्या टप्प्यांना बांधलेली असते. मग चित्रपट पडला की दोन्हीकडून मार. तारीख पुढे गेली तर २० कोटींवर १२ टक्क्यांनी महिन्याला २० लाख व्याज. मराठी चित्रपटात हेच गणित जास्त कडक, कारण निर्मितीचा खर्च दोन-तीन कोटींवर आणता येतो, होर्डिंगचे भाडे मात्र भाषा बघत नाही.

२००९ मध्ये या वर्गाची ताकद पहिल्यांदा उघड दिसली. या कंपन्यांनी आणि निर्मात्यांनी चित्रपट अडवून धरले, आणि एप्रिल-मे दोन महिने मल्टिप्लेक्समध्ये नवे हिंदी चित्रपट लागले नाहीत. त्यांना गल्ल्यातला सरसकट निम्मा वाटा हवा होता. ठरले पहिल्या आठवड्याला ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि ३०. वरच्या तक्त्यातले ४५ येतात ते इथूनच. दोन महिने माल अडवून धरणे हुंडीवर चालणाऱ्याला शक्यच नव्हते. २०१२ मध्ये एका अमेरिकी कंपनीने मुंबईतली अशीच कंपनी पूर्ण विकत घेतली आणि २०१६ मध्ये हिंदी निर्मिती थांबवली.

प्रिंट गेल्या तशी लॅब लेटरची धारही गेली. आता डिजिटल मास्टर ज्या पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीकडे असतो तिचे पत्र घेतात. मंजुरीपासून प्रदर्शनापर्यंत दीड-दोन वर्षे सहज जातात, आणि तेवढ्यात प्रमुख बदललेला असू शकतो. अशा वेळी नव्या प्रमुखाकडून पहिल्याच तिमाहीत अपेक्षित असते ती एक सही: आधीच्याने घेतलेल्या, न बनलेल्या पटकथा बुडीत खाती टाकण्याची.