सुवाह्य डिजिटल संगीत प्लेअर आणि त्याची निवड

सुवाह्य डिजिटल संगीत प्लेअर हे फाइलींच्या रूपात साठवलेले संगीत कोठेही ऐकवणारे खिशात मावणारे उपकरण आहे. साठवणीची चिप किंवा कार्ड, फाइल उलगडणारा प्रोसेसर, अंकांचे विद्युत लहरींत रूपांतर करणारा डॅक, हेडफोन चालवणारा ॲम्प्लिफायर आणि बॅटरी ही त्याची मुख्य अंगे होत. खरेदीच्या वेळी खोक्यावरील मोठे आकडे आधी नजरेत भरतात. परंतु प्लेअर समाधान देईल की नाही हे बहुतांशी ऐकणाऱ्याचा संग्रह आणि त्याचे हेडफोन यांच्याशी तो किती जुळतो यावर ठरते. म्हणून निवडीची सुरुवात या दोहोंपासून करणे योग्य ठरते.

चालता-चालता संगीत ऐकण्याची सवय १९७९ मध्ये आलेल्या सोनीच्या वॉकमन या कॅसेट प्लेअरने रुजवली. एमपी३ फाइल वाजवणारा पहिला बाजारी प्लेअर, एमपीमॅन एफ१०, दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने १९९८ मध्ये आणला. त्याच वर्षी आलेल्या रिओ पीएमपी३०० मध्ये ३२ मेगाबाइट जागा होती, म्हणजे १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ हजार बिट) दराने जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने त्याच्या विक्रीविरुद्ध दावा लावला होता, पण १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल निर्मात्या कंपनीच्या बाजूने दिला आणि या उपकरणांचा मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने ५ गिगाबाइट हार्ड डिस्कचा आयपॉड जाहीर केला. मे २०२२ मध्ये आयपॉडची मालिका बंद झाल्याचे घोषित झाले. दरम्यान स्मार्टफोनने सामान्य प्लेअरची जागा घेतली, तरी अनेक फोनांमधून ३.५ मिलिमीटरचे हेडफोन जॅक गेल्याने आणि फोनची बॅटरी इतर कामांतच संपत असल्याने स्वतंत्र प्लेअरची गरज असणारा श्रोतृवर्ग टिकून आहे.

सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट या मापाने नोंदलेला असतो आणि त्याला मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट जागा लागते. एमपी३, एएसी आणि ऑग व्हॉर्बिस ही स्वरूपे कानाला सहसा न जाणवणारा भाग वगळून फाइल लहान करतात. ३२० केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला २.४ मेगाबाइट पुरतात. फ्लॅक आणि एएलएसी ही लॉसलेस स्वरूपे काहीही न वगळता फाइल बहुधा निम्म्या ते दोन-तृतीयांश आकारात बसवतात. या हिशेबाने ६४ गिगाबाइट जागेत ३२० केबीपीएसचे संगीत सुमारे ४४० तासांचे मावते, तर लॉसलेस संगीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. आपला संग्रह कोणत्या स्वरूपात आहे आणि प्लेअर ते वाजवतो का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ या आकड्यांना जाहिरातीत मिळणारे महत्त्व मात्र अवाजवी आहे. मानवी कान साधारणतः २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो आणि ४४.१ किलोहर्ट्झचा नमुनादर त्या मर्यादेपर्यंतची वारंवारता नोंदण्यास पुरेसा आहे. १६ बिट सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचा आवाका देतात. ध्वनिमुद्रण आणि संपादन करताना जास्त बिट उपयोगी पडतात, परंतु ऐकण्यासाठी त्या स्वरूपातील फाइल सीडीच्या साडेसहापट जागा व्यापते आणि त्या मानाने श्रवणात भर पडत नाही.

खरा फरक पडतो तो ॲम्प्लिफायर आणि हेडफोन यांच्या जुळणीने. १ मिलिवॉट शक्ती मिळण्यासाठी १६ ओहमच्या इअरफोनला सुमारे ०.१३ व्होल्ट पुरतात, तर ३०० ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.५५ व्होल्ट लागतात. त्यामुळे दुर्बल प्लेअरवर असे हेडफोन क्षीण ऐकू येतात. याउलट अतिसंवेदनशील इअरफोनवर ताकदवान प्लेअरची पार्श्वभूमीतील खरखर ऐकू येते आणि आवाजाची पहिली पायरीच मोठी वाटते, म्हणून आवाजाच्या पायऱ्या बारीक आहेत का हे तपासावे. प्लेअरचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत विरोध, हेडफोनच्या इंपिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा व्यवहारातील दंडक आहे. तो जास्त असल्यास, विशेषतः एकाहून अधिक ड्रायव्हर (ध्वनी निर्माण करणारे घटक) असलेल्या इअरफोनमध्ये, काही स्वर उठून दिसतात आणि काही दबतात. ही माहिती खोक्यावर क्वचितच असते. म्हणून आपलेच हेडफोन लावून, ओळखीचे संगीत हळू आवाजात ऐकणे ही सर्वांत भरवशाची परीक्षा होय.

ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्याच्या बाबतीत वरील बरेचसे विवेचन गैरलागू ठरते, कारण अंकांचे लहरींत रूपांतर तेव्हा हेडफोनमध्येच होते आणि प्लेअरमधील महागडा डॅक निष्क्रिय राहतो. अशा वेळी एएसी, एपीटीएक्स किंवा एलडीएसी यांपैकी एखादा कोडेक, म्हणजे ध्वनी आकुंचित करून पाठवण्याची पद्धत, दोन्ही उपकरणांत समान आहे का, एवढेच पाहावे लागते.

दैनंदिन वापरातील सुखदुःख बरेचसे सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. एमपी३ बनवताना फाइलीच्या आरंभी आणि शेवटी किंचित शांतता जोडली जाते. प्लेअरला ती वगळून सलग वादन करता येत नसेल, तर सलग मैफलीचे ध्वनिमुद्रण प्रत्येक जोडावर तुटते आणि रंगलेला श्रोता दुखावतो. कलाकार, अल्बम आणि क्रमांक यांच्या नोंदी प्लेअर नीट वाचतो का, देवनागरीसारख्या लिपीतील नावे चौकटींऐवजी अक्षरांत दाखवतो का, हजारो फाइलींच्या संग्रहात शोध चटकन लागतो का, हेही पाहावे. खिशात हात घालून चालवायचा असेल, तर स्पर्शपडद्यापेक्षा बटणे सोयीची. काही प्लेअरवर रॉकबॉक्स ही २००१ पासून विकसित होत असलेली मुक्त प्रणाली बसवता येते. त्यामुळे कंपनीने सोडून दिलेल्या उपकरणालाही नवी स्वरूपे वाजवता येतात.

साठवणीबाबत मायक्रोएसडी कार्डाची सोय असलेला प्लेअर अधिक लवचीक ठरतो, मात्र ३२ गिगाबाइटपेक्षा मोठी एसडीएक्ससी कार्डे तो स्वीकारतो का ते आधी पाहावे. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता प्रत्येक भरण्यागणिक घटत जाते. ती बदलता येत नसेल, तर वाजवणारे बाकीचे भाग धडधाकट असूनही प्लेअर निकामी होतो. दीर्घकाळ वापरण्याचा विचार असणाऱ्याने जाहिरातीतील तासांपेक्षा ही गोष्ट आधी विचारावी.