पार्श्वभूमी : दयेची सुटका आणि तिच्याखालची सही

असाध्य आजार, वार्धक्य किंवा घरावर कोसळलेली आपत्ती या कारणांवरून एखाद्या कैद्याला शिक्षा पूर्ण होण्याआधी सोडले, की दोन प्रश्न हमखास उपस्थित होतात. सुटलेला माणूस कोण आणि सुटकेच्या कागदावर सही कोणाची, असे ते दोन प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नावर गावच्या पारापासून विधानभवनापर्यंत सगळेच हिरिरीने बोलतात. दुसरा प्रश्न कोरडा, फाइलींचा आणि म्हणून मागे पडणारा. वास्तविक अशा निर्णयांची जी काही सार्थ राजकीय तपासणी आजवर झाली, ती दुसऱ्या प्रश्नातून झाली, आणि तिचे एक फार जुने उदाहरण वर्धा जिल्ह्यातले आहे.

1937 मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. त्यात मोहम्मद युसूफ शरीफ हे कायदामंत्री होते. वर्ध्यातील एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या खटल्यात शिक्षा झालेल्या, शिक्षण खात्यात अधिकारी राहिलेल्या एका कैद्याला शरीफ यांनी 1938 मध्ये मुदतीपूर्वी सोडण्याचा आदेश दिला. प्रांतभर संताप उसळला. मंत्री आणि कैदी दोघेही मुसलमान असल्याने वादाला धार्मिक रंगही चढला आणि त्या गदारोळात मूळ मुद्दा हरवून जाण्याची पुरेपूर शक्यता होती. तो हरवला नाही, कारण काँग्रेस कार्यकारिणीने कैद्याच्या चारित्र्यावर ठराव करण्याऐवजी मंत्र्याचा निर्णय तपासायला घेतला आणि त्यासाठी कलकत्ता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सर मन्मथनाथ मुखर्जी यांचे मत मागवले. त्यांच्या मतानंतर शरीफ यांना पद सोडावे लागले. मंत्र्याला माफीचा अधिकार नव्हता असे कोणीच म्हटले नव्हते. तो अधिकार होताच. तो कोणत्या कारणासाठी आणि कोणता कागद पाहून वापरला, एवढेच विचारले गेले. त्या काळी कार्यकारिणीच्या बैठका अनेकदा वर्ध्यालाच भरत आणि गांधीजी सेवाग्रामला राहत, त्यामुळे पीडितेचा जिल्हा आणि पक्षाचे सत्ताकेंद्र एकच होते, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. प्रकरण दूरच्या एखाद्या तालुक्यातले असते, तर चौकशी इतक्या वरपर्यंत गेली असती का, ही शंका रास्त आहे.

पाचच वर्षांनी सेवाग्रामचा रहिवासी स्वतःच तुरुंगात होता आणि प्रश्न उलट बाजूने उभा राहिला. 10 फेब्रुवारी 1943 रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये 21 दिवसांचे उपोषण सुरू केले. उपोषणापुरते सोडण्याची तयारी सरकारने आधी दाखवली होती, पण अशी तात्पुरती सुटका त्यांनी नाकारली. पुढे प्रकृती ढासळू लागल्यावर बिनशर्त सोडावे ही मागणी लंडनने धुडकावली. या नकाराच्या निषेधार्थ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील तीन सदस्यांनी राजीनामे दिले. होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासोबत तिसरे होते यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे. काँग्रेसच्या आंदोलनाशी मतभेद असूनही सरकारात बसलेल्या माणसाने एका कैद्याच्या प्रकृतीच्या प्रश्नावर मंत्रिपदाच्या तोडीचे पद सोडावे, ही घटना विदर्भात आज जवळजवळ विसरली गेली आहे.

गांधीजी त्या उपोषणातून वाचले. 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबा त्याच स्थानबद्धतेत गेल्या, पाठोपाठ गांधीजींना हिवतापाने घेरले आणि 6 मे 1944 रोजी प्रकृतीच्या कारणावरून त्यांची बिनशर्त सुटका झाली. व्हाइसरॉय वेव्हेल यांनी लंडनला दिलेले कारण वाचण्याजोगे आहे: प्रकृती पाहता गांधीजी यापुढे सक्रिय राजकारणात भाग घेतील असे वाटत नाही. म्हणजे दयेच्या निर्णयाखाली राजकीय हिशेब होताच, आणि तो साफ चुकला. ऑगस्टमध्ये गांधीजी सेवाग्रामला परतले आणि सप्टेंबरमध्ये जीनांशी बोलणी करण्यासाठी मुंबईला गेले. मधल्या जुलै महिन्यात, गांधी अजून मेले कसे नाहीत, अशी त्राग्याची तार चर्चिल यांनी पाठवल्याची नोंद वेव्हेल यांच्या रोजनिशीत आहे. आजारपणामुळे सुटलेला माणूस बरा झाला की सोडणाऱ्याची फसगत झाली असे मानण्याची वृत्ती किती जुनी आहे, हे या तारेवरून दिसते. खुद्द गांधीजींनाही आजारपणामुळे मिळालेल्या सुटकेची लाजच वाटली होती.

याच काळात चिमूर आणि आष्टीच्या कैद्यांचा प्रश्न पेटलेला होता. 16 ऑगस्ट 1942 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जमाव आणि पोलीस यांच्यातील संघर्षात सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले, पुढे गावांवर जबर दडपशाही झाली आणि अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे यांनी चालवलेली मोहीम आणि गांधीजींनी केलेले आवाहन यांना यश येऊन 1945 मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षांचे जन्मठेपेत रूपांतर झाले. दया मागणे ही एकट्या कैद्याची खासगी याचना न राहता अख्ख्या गावाची मागणी होऊ शकते, हे विदर्भाच्या खेड्यांनी तेव्हा पाहिले.

स्वातंत्र्यानंतर दयेचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 72 (राष्ट्रपती) आणि 161 (राज्यपाल) मध्ये गेला, तर सरकारचा शिक्षा कमी करण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेत राहिला आणि 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 473 व 474 मध्ये आला. फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर किमान 14 वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला कैदी सोडता येत नाही, हे बंधन 1978 च्या दुरुस्तीने घातले. राज्यपालांच्या अधिकाराला ते लागू नाही. म्हणूनच गंभीर आजाराचे प्रकरण राज्यपालांकडे वळले की राजकीय संशय बळावतो. तो अगदीच निराधार नसतो, कारण 2006 च्या एपुरू सुधाकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एक माफी रद्द केली, तेव्हा त्या फाइलीत कैदी हा पक्षाचा चांगला कार्यकर्ता असल्याचा शेरा सापडला होता.

सामान्य कैद्याच्या वाट्याला मात्र राज्यपालांची सही येत नाही. त्याची दया फर्लो (संचित रजा) व पॅरोलच्या नियमांत असते. आईवडील, जोडीदार किंवा मुलांचे गंभीर आजारपण, पत्नीचे बाळंतपण, घर कोसळणे, पूर, आग, भूकंप ही पॅरोलची, म्हणजे अभिवचन रजेची, कारणे आहेत. यादी वाचली तर ती खेड्यातल्या घराकडे पाहूनच केली असावी असे वाटते. अंमलबजावणीत मात्र खेडेच आडवे येते. कैद्याचा अर्ज तुरुंग अधीक्षकांकडून पुढे सरकतो, त्यावर गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, ठाणेदार एखाद्या शिपायाला गावात धाडतो, पोलीस पाटील, शेजारी आणि फिर्यादी पक्ष यांचे जबाब होतात, जामीनदार कोण ते पाहिले जाते. खून शेताच्या धुऱ्यावरून झालेला असेल, तर फिर्यादी आणि आरोपी यांची घरे बहुधा एकाच गल्लीत असतात. ‘कैदी गावात आल्यास शांतताभंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ अशा धाटणीचे वाक्य अहवालात पडले, की अर्ज तिथेच अडतो. ते वाक्य खरे आहे, की शिपायाने सावधगिरी म्हणून लिहिले आहे, हे नागपूर किंवा अमरावतीच्या कार्यालयात बसून कळत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूरचा तुरुंग साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. पाठपुरावा करायला तिथून कोण आणि किती वेळा येणार? गरिबाच्या नाकारलेल्या अर्जाची राजकीय तपासणी सहसा कोणीच करीत नाही. तपासणी होते ती मंजूर अर्जांची, आणि तीही कैदी नामांकित असेल तर.

नागपूर मध्यवर्ती कारागृहातील दोन प्रकरणे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहावीत. प्रा. जी. एन. साईबाबा चाकाच्या खुर्चीवर होते, 90 टक्के अपंग होते आणि माओवाद्यांशी संबंधांच्या खटल्यात गडचिरोली सत्र न्यायालयाने 2017 मध्ये दिलेली जन्मठेप भोगत होते. आई मरणाच्या दारात असताना मागितलेला पॅरोल त्यांना मिळाला नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष ठरवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे प्रकरण खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेले मुंबईचे माजी आमदार अरुण गवळी यांचे. वयाची 65 वर्षे ओलांडलेल्या अशक्त कैद्यांना सवलत देणाऱ्या 10 जानेवारी 2006 च्या शासन अधिसूचनेचा आधार त्यांनी घेतला. सरकारने विरोध केला, एप्रिल 2024 मध्ये नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये त्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्यांना जामीन मिळाला. खंडपीठाचा एप्रिलमधला निकाल ऐन लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आल्याने त्यामागे राजकारण आहे अशी कुजबुज झाली, पण कागदोपत्री सुटकेला सरकारचा विरोधच होता. संशयाने इथे सहीच चुकीची वाचली.

मंत्र्याने स्वतः पुढे येऊन कारणे मांडल्याचे उदाहरण शोधायचे तर परदेशात जावे लागते. लॉकरबी विमानस्फोटात 270 जणांच्या हत्येसाठी दोषी ठरलेला, कर्करोगग्रस्त अब्देलबासेत अल-मेग्राही याला स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकआस्किल यांनी 20 ऑगस्ट 2009 रोजी सोडले, कारणे जाहीरपणे वाचून दाखवली आणि चारच दिवसांत सुट्टीतून बोलावलेल्या संसदेपुढे उत्तरे दिली. तीन महिन्यांचा सोबती मानलेला तो माणूस मे 2012 पर्यंत जगला, त्यामुळे टीका थांबली नाही. पण निर्णय कोणाचा आणि कशावरून, याबद्दल कोणाला तर्क करत बसावे लागले नाही.

आपल्याकडे चित्र हळूहळू बदलते आहे, आणि ते प्रामुख्याने न्यायालयांमुळे. 2022 च्या ऑगस्टपासून केंद्राने तीन टप्प्यांत जाहीर केलेल्या विशेष माफीत, अनेक गंभीर गुन्हे वगळून, वृद्ध, अपंग आणि मरणासन्न कैद्यांचे स्वतंत्र गट होते. त्याच ऑगस्टमध्ये गुजरातने 2002 च्या दंगलीतील 11 दोषींना वेगळ्या धोरणाखाली सोडले. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करताना, खटला मुंबईत चालल्याने निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, असे स्पष्ट केले. सही कोणाची हा कोरडा प्रश्नच तिथे निर्णायक ठरला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी सांगितले, की धोरणात बसणाऱ्या कैद्याचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी झाला पाहिजे, होकार असो वा नकार, थोडक्यात का होईना कारणे लिहिली पाहिजेत आणि आदेशाची प्रत कैद्याबरोबरच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडेही गेली पाहिजे. गडचिरोली, यवतमाळ किंवा बुलढाण्याच्या कैद्याच्या नातेवाइकांना निदान आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारणा करण्याची सोय त्यामुळे झाली आहे.